पुरातून निघालेले बुलेटचे इंजिन घरी जुळवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या गावभागातील एका गृहस्थांच्या वडिलांची १९७१ची साडेतीनशे सीसीची बुलेट ऑगस्ट २०१९च्या महापुरात काही दिवस पाण्याखाली होती. पूर ओसरल्यावर एका मिस्त्रींनी इंजिन संपूर्ण खोलले, निम्मे भाग डिझेलने धुतले आणि पुढे काम अर्धवट सोडले. तेव्हापासून ते इंजिन तेलाच्या दोन डब्यांत आणि हळदीच्या एका रिकाम्या पोत्यात पडून आहे. ते घरी जुळवता येईल का, कोणती हत्यारे लागतील, सुरुवात कोठून करावी, आणि ‘एवढा खटाटोप कशाला, दुसरे इंजिन टाका’ हा सल्ला मानावा का, असे त्यांनी विचारले आहे.

शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो. दुसरे इंजिन टाकू नका. इंजिनाचा क्रमांक चेंबरवर, म्हणजे क्रँककेसवर कोरलेला असतो आणि नोंदणी पुस्तकात तोच असतो. चेंबर बदलले की आरटीओचे काम मागे लागते आणि गाडीचे मूळ रूपही जाते. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी सुरू केली आहे. तशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे त्या नोंदणीच्या वाटेला जायचे की नाही हे आपण ठरवा. परंतु तो पर्याय हातचा राहावा असे वाटत असेल, तर चेंबर, ब्लॉक (ज्यात पिस्टन चालतो तो सिलिंडर) आणि हेड (त्यावरचे झाकण) मूळचेच ठेवणे शहाणपणाचे आहे. चेंबरला तडा नसेल तर पुराच्या पाण्याने त्याचे काही बिघडलेले नसते; बिघडतात ती बेअरिंगे, क्रँक (पिस्टनची वरखाली चाल गोल फिरवणारा दांडा), पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्हच्या बैठका, आणि हे सगळे बदलता किंवा दुरुस्त करता येते.

इंजिन घरी जुळवता येते, पण त्यातली तीन कामे घरी होत नाहीत: क्रँक दाबून नवा कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) बसवणे व क्रँकची दोन्ही जड चाके एका रेषेत आणणे, ब्लॉक बोअर करून (आतून कोरून मोठा करून) होन करणे, म्हणजे आतली भिंत बारीक दगडाने घासणे, आणि व्हॉल्व्हच्या बैठका कापणे. ही तिन्ही कामे यंत्रावरच झाली पाहिजेत. आपण ज्या जिल्ह्यात राहता तेथे ही अडचण कमी आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पलूसजवळच्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हापासून लेथ आणि ओतकाम जाणणाऱ्या माणसांची या भागात वाण पडलेली नाही. मिरजेत, माधवनगरला, कुपवाडच्या एमआयडीसीत क्रँकचे काम करणारे मिळतात. फक्त ज्यांच्याकडे क्रँक दोन सेंटरमध्ये धरून डायल गेजने, म्हणजे बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाने, तपासायची सोय आहे, त्यांच्याकडेच जावे. गेज लावून दाखवा म्हटल्यावर जो मिस्त्री नुसत्या नजरेने ‘सरळ आहे’ म्हणतो, त्याच्याकडून क्रँक परत घ्यावा. दोन्ही शाफ्टवर काट्याचे हेलकावणे ०.०५ मिलिमीटरच्या आत असले पाहिजे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गेली पस्तीस वर्षे मी ही इंजिने खोलतो आणि जुळवतो आहे. २००५च्या आणि २०१९च्या पुरानंतर तर महिनोन्‌महिने दुसरे काम नव्हते. या अनुभवावरून सांगतो की जुळवलेले इंजिन पुन्हा खोलावे लागले, तर दहापैकी आठ वेळा कारण तेलाचे असते. बोल्ट ढिला राहिला, पॅकिंग गळाले, या गोष्टी दिसतात आणि दुरुस्त होतात. तेल पोचले नाही तर ते दिसत नाही, आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून हे इंजिन खालून वर असे न जुळवता तेल ज्या वाटेने जाते त्या वाटेने मनात जुळवावे, आणि प्रत्येक भाग बसवताना या भागातून तेल कोठून येते व कोठे जाते याचे उत्तर आपल्याला देता येते का, ते पाहावे.

ती वाट अशी आहे. बुलेटला वेगळी तेलाची टाकी नाही; चेंबरच्या ओतकामातच मागच्या बाजूला टाकी आहे आणि तिच्यात सुमारे सव्वादोन लिटर तेल मावते. उजव्या हाताला, टायमिंग कव्हरमध्ये, दोन पंप आहेत. एक पंप टाकीतले तेल ओढून नमद्याच्या फिल्टरमधून टायमिंग बाजूच्या शाफ्टच्या टोकाशी पोचवतो. तेथून ते शाफ्टमधल्या छिद्राने चाकात, चाकातून क्रँकपिनमध्ये आणि पिनमधून रॉडच्या मोठ्या टोकाला जाते. तेथून उडालेल्या तेलावर पिस्टन आणि ब्लॉकची भिंत भिजते आणि उरलेले तळाशी जमते. दुसरा पंप ते तळाचे तेल उचलून परत टाकीत टाकतो; त्याची क्षमता पहिल्यापेक्षा जास्त ठेवलेली असते, कारण तळाशी तेल साचून चालत नाही. वरच्या रॉकरांना, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या छोट्या दांड्यांना, तेल बाहेरच्या बारीक नळ्यांनी जाते.

पुरात बुडालेल्या इंजिनात या संपूर्ण वाटेवर कृष्णेचा गाळ बसलेला असतो. हा गाळ वाळूसारखा खरखरीत नसतो. तो पिठासारखा बारीक असतो, वाळला की सिमेंटसारखा धरतो आणि डिझेलमध्ये बुडवून काढल्याने सुटत नाही. आपले भाग ‘धुतलेले’ आहेत, यावर म्हणून मुळीच विश्वास ठेवू नका. चेंबरचे दोन्ही भाग गरम पाणी आणि कपड्याच्या साबणाने घासा, प्रत्येक छिद्रातून सायकलच्या ब्रेकची जुनी तार फिरवा, मग रॉकेलचा फवारा आणि शेवटी कंप्रेसरची हवा मारा. एका टोकाने हवा मारल्यावर दुसऱ्या टोकाला बोटावर ती लागली पाहिजे. क्रँकच्या चाकातली आणि पिनमधली वाट तर क्रँक दाबून सुटा केल्याशिवाय साफ होतच नाही. म्हणून रॉड चांगला वाटत असला तरी क्रँक सुटा करून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डाव्या बाजूचा ब्रीदर (चेंबरमधली हवा बाहेर सोडणारी वाट) आणि त्याची रबरी चोचही विसरू नका. तो तुंबला की चेंबरमधला दाब सगळ्या सांध्यांतून तेल बाहेर ढकलतो आणि माणूस उगाच पॅकिंगांना दोष देत बसतो.

आपल्या इंजिनाला बहुधा जुन्या पद्धतीचे तरंगते बुश असेल, ज्याला आमच्याकडे ‘बुश क्रँक’ म्हणतात. रॉड आणि पिन यांच्यामध्ये हे बुश दोन्हीकडून मोकळे फिरते आणि केवळ तेलाच्या पापुद्र्यावर तरंगते. ते चांगले जुळले तर रोलरपेक्षा शांत चालते आणि पुष्कळ टिकते, पण तेल थोडा वेळ जरी तुटले तरी ते क्षमा करत नाही. आता रोलरचा संचही मिळतो आणि अनेक मिस्त्री तोच सुचवतात. रोज पन्नास किलोमीटर चालवायचे असेल तर रोलर घाला. वडिलांची गाडी म्हणून रविवारी काढायची असेल तर बुशच ठेवा. दोन्ही प्रकारांत तयार रॉड हातात धरून वरखाली हलवला तर काहीही लागता कामा नये; आडवा थोडा सरकला तर ते योग्यच आहे.

हत्यारांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, एक गोष्ट मात्र महत्त्वाची आहे. १९७१च्या बुलेटला बहुतेक ठिकाणी इंची मापाचे आटे आहेत, आणि घरातले मिलिमीटरचे पाने त्या नटांवर जवळपास बसतात. हे ‘जवळपास’च नटांची डोकी गोल करते. जुन्या बाजारात इंची पान्यांचा एक संच शोधा. शिवाय फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), व्हर्निअर, एक साधा डायल गेज, पिनियन (क्रँकवरचे छोटे दातेरी चाक) काढायचा पुलर, लाकडी हातोडा आणि चेंबर उभे धरणारी लाकडी घोडी एवढे पुरे. घोडी सुताराकडून करून घ्या. जमिनीवर उकिडवे बसून केलेल्या कामात पाठ आणि लक्ष दोन्ही जातात.

सगळे भाग प्रथम कोरडे बसवून पाहावेत, ही पायरी कोणी गाळतो तेव्हा मला नेहमी आश्चर्य वाटते. चेंबरमध्ये बेअरिंगे घालायची तर चेंबर शंभर अंशांपर्यंत सगळीकडून सारखे तापवावे. घरातल्या जुन्या ओव्हनमध्ये ते उत्तम होते. बेअरिंगे आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवावीत. अशी बेअरिंगे हाताने दाबूनच बसतात, ठोकावी लागत नाहीत. गॅसच्या ज्योतीने एकाच जागी तापवले तर ॲल्युमिनियम वाकते. नंतर क्रँक घालून, सांध्याला काहीही न लावता, दोन्ही चेंबर बोल्टांनी आवळा आणि क्रँक हाताने फिरवा. तो कोठेही अडता कामा नये. एका जागी जड वाटला तर पुन्हा खोला आणि कारण शोधा. ‘चालल्यावर मोकळा होईल’ हे वाक्य मी ऐकले आहे, पण तसा मोकळा झालेला क्रँक मी अजून पाहिलेला नाही.

कोरडी जुळणी मनासारखी झाली की खोलून, पुसून, पुन्हा तेल लावून अंतिम जुळणी करा. चेंबरच्या सांध्यावर शेलॅक किंवा सांध्याचे द्रव पातळ थरात, बोटाने ओढून लावावे. येथे माझी स्वतःची चूक सांगतो. १९९६च्या सुमारास सिलिकॉनची नळी आमच्या हाती नवीच आली होती आणि मला तिचे फार कौतुक होते. एका गिऱ्हाइकाच्या इंजिनाला मी ते हात सैल सोडून लावले. बाहेरून एक थेंब गळला नाही. पुढे तेच इंजिन मिरज-पंढरपूर रस्त्यावर कवठेमहांकाळच्या अलीकडे अडकले, आणि मी खोलले तेव्हा तेलाच्या छिद्रात तांदळाच्या दाण्याएवढा सिलिकॉनचा तुकडा सापडला. बाहेर जेवढे दिसते तेवढेच आतही दाबले जाते, हे तेव्हा कळले. तो रॉड मी माझ्या खर्चाने बदलला आणि तो तुकडा बरेच दिवस बाकावर ठेवला होता.

टायमिंग बाजूला दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्या. क्रँकच्या टोकाला पंप फिरवणारा जो वर्म (स्क्रूसारखा गिअर) असतो, त्याचे आटे उलटे आहेत. काढताना आणि घालताना हे विसरले की शाफ्टचे आटेच तुटतात, आणि मग ज्या क्रँकवर आपण एवढा खर्च केला तो पुन्हा खोलावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे कव्हरमधले कॉर्कचे सील. फिल्टरमधून आलेले तेल शाफ्टच्या छिद्रात शिरते ते या एवढ्याशा सीलमधून. ते झिजलेले किंवा वाळलेले असेल तर तेल शाफ्टमध्ये न जाता बाजूने निसटून तळाशी पडते. पंप चालू असतात, रॉकरांना तेल दिसते, टाकीत तेल परत येते, सगळे ठीक वाटते आणि रॉडचे टोक मात्र कोरडे राहते. नवे कॉर्क एक रात्र तेलात भिजवून घालावे, आणि कव्हर बसताना ते किंचित दाबले जाते आहे याची खात्री करावी. कव्हर आवळायच्या आधी नुसते हाताने टेकवून पाहिले तर कॉर्कमुळे थोडी फट राहिली पाहिजे. तशी राहत नसेल तर कॉर्क दाबलेच जात नाही.

पंपांच्या चकत्या स्प्रिंगने आपापल्या बैठकीवर दाबून बसतात. त्यांवर गाळाच्या रेघा असतील तर व्हॉल्व्ह घासण्याची अगदी बारीक पेस्ट घेऊन, आठाच्या आकड्यासारखे हात फिरवत, पूर्ण राखाडी रंग येईपर्यंत घासाव्यात आणि मग पेस्टचा कणही उरणार नाही अशा धुवाव्यात. कॅमच्या चाकांवर आणि पिनियनवर ठिपके आहेत. ते समोरासमोर आणून चाके बसवावीत. जुन्या चाकांवरचे ठिपके पुसट असतात, त्यामुळे बसवण्यापूर्वी पांढऱ्या रंगाने ठळक करून घ्यावेत.

ब्लॉकचे माप सत्तर मिलिमीटरचे आहे आणि स्ट्रोक नव्वदचा. गंज खोल असेल तर ब्लॉक बोअर करून दहा, वीस, तीस किंवा चाळीस साइझचा (म्हणजे तेवढे हजारांश इंच मोठा) पिस्टन घालावा लागेल. आधी पिस्टन विकत घ्या आणि तो हातात देऊनच बोअर करायला सांगा. आकड्यावरून बोअर करून मागाहून पिस्टन शोधणे उलटे आहे. स्कर्टच्या तळाशी ०.१ मिलिमीटरच्या आसपास जागा ठेवावी. बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, म्हणून ‘घट्ट बसवले की जास्त टिकेल’ हा समज येथे चुकीचा ठरतो. रिंग एकटीच ब्लॉकमध्ये घालून, पिस्टनने सरळ ढकलून, तिच्या दोन टोकांमधली फट मोजा, ती ०.३ मिलिमीटरच्या जवळपास असावी आणि पाव मिलिमीटरच्या खाली कधीही नसावी. गजन पिनची (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनची) लॉक नवीनच घाला, आणि घालताना चेंबरच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबा. निसटलेले लॉक थेट चेंबरच्या तोंडाकडेच उडी घेते.

हेड बसवण्यापूर्वी एक काम उरकून घ्यावे, जे बहुतेक जण नंतरसाठी ठेवतात. डायल गेज पिस्टनच्या माथ्यावर लावून सर्वांत वरची जागा शोधा. पिस्टन माथ्याशी थोडा वेळ स्थिर भासतो, म्हणून तो दोन्हीकडे सारखा खाली उतरतो ती दोन ठिकाणे घेऊन त्यांचा मध्य काढावा. मग त्या जागेपासून ०.८ मिलिमीटर आधीची जागा शोधून डाव्या बाजूला क्रँकच्या बाहेर आलेल्या टोकावरच्या दातेरी चाकावर आणि चेंबरवर बारीक रेघ मारा. स्पार्कचे टायमिंग येथेच लावायचे असते, म्हणजे ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर आणणारी) वजने मिटलेली असताना पॉइंट (उघडताच ठिणगी पाडणारे विजेचे संपर्क) नेमके याच जागी उघडू लागले पाहिजेत. हे अंतर क्रँकच्या फिरण्यात जेमतेम साडेनऊ-दहा अंश भरते. हेड चढल्यावर प्लगच्या तिरक्या छिद्रातून सायकलचा आरा घालून एवढे बारीक माप घेता येत नाही. रेघ असेल तर छोटा बल्ब जोडून पाच मिनिटांत काम होते. पॉइंटची फट आधी ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा, कारण फट बदलली की टायमिंगही सरकते.

हेडचे काम त्यामानाने सोपे आहे. व्हॉल्व्ह घासून झाल्यावर पोर्टमध्ये रॉकेल ओता आणि चहा होईपर्यंत थांबा. व्हॉल्व्हच्या कडेने पाझरले तर पुन्हा घासा. रॉकर ब्लॉकांचे दोन-दोन अर्धे भाग कारखान्यात जोडीने कापलेले असतात, त्यांची अदलाबदल करू नका. पोत्यातून ते मिसळून निघाले असतील तर जोड्या लावून, आवळून, रॉकर आपल्या वजनाने पडतो का ते पाहात बसावे लागेल; त्या कामाला अर्धा दिवस द्या. हेडचे नट समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत आवळा. पुशरॉडची (कॅमची चाल रॉकरला पोचवणाऱ्या दांड्याची) जागा इंजिन थंड असताना, कॉम्प्रेशनच्या वेळी पिस्टन माथ्यावर आणून लावायची असते: रॉड दोन बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. येथे फिलर गेज लावायचा नसतो.

तेल २०डब्ल्यू-५० घाला. फिल्टरची खोलीही तेलाने भरा, नाहीतर पंपाचा पहिला सगळा वेळ ती भरण्यातच जातो. प्लग काढून, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून, किक मारत राहा. रॉकरच्या नळीचा वरचा बोल्ट थोडा सैल ठेवा, आणि तेथे तेल पाझरेपर्यंत प्लग लावू नका. पन्नास-साठ किका लागल्या तरी हरकत नाही. तरीही वर सांगितलेल्या कॉर्कची गोष्ट लक्षात असू द्या: रॉकरला तेल दिसले म्हणजे क्रँकला पोचलेच असे नाही, ती खात्री कव्हर बसवतानाच करून घ्यायची असते. जुळवलेले इंजिन काही आठवडे तसेच उभे राहिले तर टाकीतले तेल पंपातून हळूहळू तळाशी उतरते आणि पहिल्या किकेला निळ्या धुराचा लोट येतो; त्याने घाबरू नये, तळाचा बोल्ट काढून तेल वाहू द्यावे.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर मंद चालीवर धडधडत ठेवण्याचा मोह आवरा. नव्या बोअरला ते मानवत नाही. दहा मिनिटे मध्यम चालीवर चालवा, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, मग हेडचे नट आणि पुशरॉड पुन्हा तपासा. पहिले आठशे किलोमीटर पन्नासच्या वर जाऊ नका आणि मागे कोणाला बसवू नका. तासगावपर्यंत सपाट रस्त्याने जाऊन या, दंडोबाचा चढ सध्या राहू द्या.

दोनशे किलोमीटरनंतर तेल आणि नमदा दोन्ही बदला. काढलेले तेल पांढऱ्या परातीत ओतून उन्हात धरा आणि त्यात चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारा राखाडी चिखल हा रिंगा आणि ब्लॉक एकमेकांशी जुळत असल्याचा असतो, तो अपेक्षितच आहे. पण चुंबकाला न चिकटणाऱ्या, चमकणाऱ्या पांढऱ्या किंवा पिवळ्या पापुद्र्या दिसल्या, तर किक मारू नका. टायमिंग कव्हर उघडून प्रथम ते कॉर्क पाहा.